ट्रकच्या पोटाला रंग

माझ्या मालकीचा एक ट्रक आहे, हे वाक्य मी लग्नाच्या जेवणात मुद्दाम सांगते. शेजारी बसलेल्या बाईचा घास हातात राहतो. बावन्न वर्षांची, चष्मा लावणारी, कांदिवलीच्या सोसायटीत राहणारी बाई, आणि ट्रक. मी लगेच काही सांगत नाही. वाटीतली बासुंदी संपवते, तोंड पुसते आणि मग सांगते की माझा ट्रक नाटकांचे सेट वाहतो. शुक्रवारी बोरिवलीला राजवाडा, शनिवारी मुलुंडला वकिलाचा दिवाणखाना, रविवारी पुन्हा राजवाडा. बाई विचारते, मग तुम्हीही नाटकात काम करता का? मी म्हणते, मी नाही, ट्रक करतो.

त्याची सगळ्यात गाजलेली भूमिका रडण्याची. ती दोन वर्षं चालली.

ट्रक वडिलांचा. गिरणी बंद पडली तेव्हा ते नाटकाच्या सेटवाल्यांकडे हमालीला लागले, कारण गिरणीतल्या हौशी नाटकांत त्यांनी जन्मभर पडदे ओढले होते आणि दुसरं काही त्यांना मनापासून येत नव्हतं. पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचे सेट खांद्यावर वाहून उतारवयात त्यांनी हा ट्रक घेतला, तोही वापरलेला. चालवायला गिरणीतल्याच सोबत्याला आणलं. मालवणकडचे ते गृहस्थ वडिलांपेक्षा बरेच लहान. मी त्यांना मामा म्हणते. ट्रकला आमच्या घरी येऊन चौदा वर्षं झाली. पहिली सहा वडिलांची, नंतरची आठ माझी. मामा चौदाही वर्षांचे.

वडिलांची दसऱ्याची एक पद्धत होती. सगळे लोक गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. वडील हे सगळं करून मग जुना लेंगा घालून ट्रकखाली शिरत आणि त्याच्या पोटाला रंग देत. पोट म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध आडव्या दांड्यावर असलेला मोठा लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन्ही चाकांना वाटून दिली जाते. आत दातेरी चाकं जाड तेलात फिरत असतात. त्याला डिफरन्शियल म्हणतात. मिस्त्री लोक डिफ्रन्सल म्हणतात, आम्ही पोट म्हणायचो. वडिलांचं म्हणणं असं की दर्शनी भाग कोणीही रंगवेल, पण सगळा भार जो उचलतो त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी मालकाने स्वतः वाकून बघितलं पाहिजे. रंग कोणता? त्या वर्षीच्या नाटकाच्या सेटचा जो उरला असेल तो. त्यामुळे आमच्या ट्रकचं पोट एका वर्षी गुलाबी, तर दुसऱ्या वर्षी मोरपंखी.

वडील गेल्यावर पहिल्या दसऱ्याला मी कोणाला न विचारता जुना गाऊन घालून ट्रकखाली शिरले. सोसायटीच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या आणि खरं सांगायचं तर त्या बघतायत म्हणून मी जरा जास्तच हावभाव करून शिरले. काम मात्र मनापासून केलं. वडील एक हात रंग देत, मी दोन देऊ लागले. पडदे रंगवायचा लांब दांड्याचा ब्रश आणून, जिथे वडिलांचा हात पोचत नसेल असं मला वाटे, त्या वरच्या बाजूलाही सढळ हाताने रंग फासला. बाहेर आले की मामा आपट्याचं पान हातात ठेवत आणि म्हणत, बापसाचा हात आसा तुझ्या हातात. मी वर्षभर त्या वाक्यावर जगायची.

आणि दोन वर्षांपूर्वी पोट गळायला लागलं.

आधी सोसायटीच्या फाटकाबाहेर, ट्रक उभा असतो तिथे, रस्त्यावर थाळीएवढे काळे डाग दिसले. त्या तेलाचा वास नासलेल्या अंड्यासारखा असतो. सेक्रेटरींनी तीन वेळा पत्र दिलं. मी ट्रकखाली परात ठेवली. माझ्या आईच्या लग्नातली पितळी परात, भांडी घासणाऱ्या बाईने त्या दिवसापासून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. मग मुलुंडच्या नाट्यगृहात तो प्रसंग घडला. मागच्या दाराशी सेट उतरवत होतो. आमचा नायक पांढरे बूट घालून तिथून रुबाबात निघाला, त्याचा पाय तेलावर पडला आणि तो हात पसरून, मान ताठ ठेवून, सरळ मेकअप रूमच्या दारापर्यंत घसरत गेला. पडला नाही. मी चार वर्षं त्याची कामं बघते आहे, एवढी सहज हालचाल त्याने रंगमंचावर कधी केली नव्हती. हे मी त्याला सांगायला नको होतं.

बोरिवलीच्या मिस्त्रीने सील बदललं. पोटात जिथून फिरता दांडा शिरतो तिथे रबराची कडी असते, तेल बाहेर येऊ नये म्हणून. पंधरा दिवस बरं गेलं, मग पुन्हा डाग. त्याने दुसरं सील घातलं. पुन्हा डाग. आता तेल चाकांकडेही सरकायला लागलं, म्हणजे ब्रेकपर्यंत जाणार. त्यावर त्याने निदान केलं की गाडी म्हातारी झाली, पोट गंजलं, भंगारात द्या. हे मामांच्या समोर म्हणाला. मामा त्रेसष्टचे. दुसरा कोणता मालक त्यांना ठेवणार? त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली आणि ते तंबाखू मळत बसले.

ही डबी वडिलांची. ते गेले तेव्हा मामांनी एवढीच वस्तू मागून घेतली होती. पितळेची, अंगठ्याएवढी, आणि तिच्या झाकणावर वाळलेल्या रंगाची खपली इतकी जाड की झाकण डबीपेक्षा मोठं दिसे. वडील कामात गबाळे, रंगाच्या हातानेच डबी उघडत असणार, असं मी धरून चालले होते. मामांना कितीदा म्हटलं, खरवडून घे रे ते. त्यांनी कधी घेतलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नाटक कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. चौथ्या माळेला कोकणाचा दौरा निघणार होता. पनवेल सोडलं की पुढे सगळे घाट. ते सज्जन गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, तिसऱ्या माळेच्या संध्याकाळपर्यंत ट्रक धड आहे असं मिस्त्रीच्या तोंडून मला ऐकवा, नाहीतर मी दुसरा ट्रक सांगतो. आणि ताई, एकदा दुसरा सांगितला की तो वर्षाचा करार मागणार. त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं नाही. त्यांच्या कंपनीशिवाय माझ्याकडे दुसरं कायमचं काम नव्हतं. ट्रक भंगारात, मामा गावाला, आणि मी लग्नाच्या जेवणात काय सांगणार?

फोनवरचं मी मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गाडी गेली तर मीय गावाक जातंय. तू माझो इचार करू नको."

हे ज्याने ऐकलं आहे त्याला ठाऊक आहे की त्यानंतर माणूस दुसरा कसलाच विचार करू शकत नाही.

नायिकेच्या भावाने घाटकोपरच्या एका मिस्त्रीचं नाव सुचवलं. घटस्थापनेच्या सकाळी घट बसवून आम्ही निघालो. कांदिवलीहून घाटकोपर, वाटेत सगळीकडे मेट्रोची कामं आणि मंडपांसाठी अडवलेले रस्ते, दोन तास लागले. ट्रक चांगला तापला. पुढे कळलं की हे आमचं नशीब, थंड ट्रक नेला असता तर जे झालं ते दिसलंच नसतं.

मिस्त्री जालन्याकडचा. चाळिशीचा, बोलायला सावकाश, हाताला वेगवान. लहानसं गॅरेज, दारात तुळस, आणि आत सगळे पाने भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले, शाळेत उंचीप्रमाणे मुलं उभी करतात तसे. मी त्याला सगळी हकिगत अभिनयासकट सांगितली, नायकाच्या घसरण्यासकट. तो ऐकतो आहे की नाही कळेना. ट्रकखाली आडवा होऊन बॅटरी मारत होता. थोड्या वेळाने त्याने तेलाने माखलेला हात बाहेर काढला, बोरिवलीच्या मिस्त्रीने घातलेलं सील तो चाचपून आला होता.

"सील फाटलेलं नाही ताई," तो म्हणाला. "आतून ढकललंय."

मला काही बोध झाला नाही. त्याने समजावलं. गाडी चालली की आतलं तेल तापतं, तेलावरची हवा फुगते. ती हवा जायला दांड्याच्या वरच्या बाजूला टोपी बसवलेलं एक छोटं भोक असतं. गाडीचं नाकच म्हणा ना. ते बंद पडलं की हवा वाट काढते. मग नवं सील घाला, सोन्याचं घाला, ती त्याला ढकलून तेलासकट बाहेर येणार. त्याने सांगितलं की तो ते नाक शोधतोय आणि त्याला ते सापडत नाहीये. वर नुसता रंग लागतोय हाताला. इतका रंग कोणी दिला?

आयुष्यात काही टाळ्या आपण घ्यायला पुढे होतो आणि त्या टाळ्या नसतात. मी पदर सावरून अभिमानाने म्हटलं, मी. दर दसऱ्याला. दोन हात.

तो ट्रकखालून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग एक टोकदार सळई घेऊन पुन्हा आत गेला. खरवडल्याचा आवाज येत राहिला. मी वाकून बघत होते. एका उंचवट्यावर, जो मी आठ वर्षं एक निरुपयोगी गाठ समजून प्रेमाने रंगवत आले होते, त्याने सळईचं टोक फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं.

आणि ट्रकने श्वास सोडला.

खरोखर सोडला. फुस्स करून एक लांब, गरम, अंड्याच्या वासाचा सुस्कारा, संपता संपेना. दम्याच्या माणसाला औषध लागू पडल्यावर येतो तसा. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू, आणि चष्मा तेलकट हाताने पुसल्यामुळे पुढचा काही वेळ मला काही दिसलं नाही. एवढंच डोक्यात होतं की दोन वर्षं ज्या गाडीचं नाक मी दाबून धरलं होतं, ती तशीच राजवाडे वाहत होती आणि मी तिच्याखाली परात ठेवत होते.

मिस्त्री म्हणाला की नवल आहे, खालचे थर जुने दिसतात पण नाकावर ते नाहीत. पहिल्यांदा रंगवणाऱ्याने ही जागा सोडलेली दिसते.

तेव्हा मामा ट्रकच्या चाकाशी खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात, ते कधी असे बसत नाहीत. सळईच्या टोकाकडे, मग त्या मोकळ्या झालेल्या टोपीकडे बघत राहिले.

"बाय गो," ते म्हणाले, "तुझो बापूस ह्येच्यार झाकण ठेवी. चुन्याच्या डबीचा. रंग दिऊन झालो की काढून घेई. माका वाटला, देवाचा कायतरी आसात. मी कधी इचारूक नाय."

त्यांनी खिशातून डबी काढली. झाकण काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवलं. मिस्त्री पुन्हा आडवा झाला, झाकण त्या टोपीवर ठेवलं, आणि ते तिथे असं बसलं की जणू त्या जागेसाठीच घडवलं होतं. वरच्या बाजूला सहा दसऱ्यांच्या रंगांची खपली. गुलाबी, मोरपंखी, राखाडी, पुन्हा गुलाबी. वडील गबाळे नव्हते. गबाळी मी. आणि ते झाकण आठ वर्षं मामांच्या खिशात, दसऱ्याला माझ्यापासून हातभर अंतरावर, रोज तंबाखूसाठी उघडत आणि मिटत होतं.

मामांचा चेहरा पडला. त्यांना वाटत होतं की दोष त्यांचा, त्यांनी सांगायला हवं होतं. मला वाटत होतं माझा. दोघंही आपापला हक्क सोडेनात. शेवटी मिस्त्री म्हणाला, भांडण नंतर करा, मला हे पोट साफ करू द्या, कारण नाक मोकळं झालं तरी गंज खरा आहे.

गंज खरा होता. बोरिवलीचा मिस्त्री तिथे चुकला नव्हता. तेल उतरवून तारेच्या ब्रशने पोट घासायला घेतलं तर रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, आणि गॅरेजच्या फरशीवर आमची चौदा वर्षांची नाटकं पडू लागली. मी एकेक पापुद्रा उचलून सांगत होते. हा पिस्ता रंग डॉक्टरच्या दवाखान्याचा, ते नाटक चार प्रयोगांत आटोपलं. हा जांभळा भुताच्या बंगल्याचा, त्याने घरात फ्रीज आणला. हा मातकट कोकणातल्या घराचा, त्याच्यावर उजेड पडला की प्रेक्षागृहात कोणीतरी हमखास नाक ओढायचं. शेजारच्या रिक्षावाल्यांनी काम सोडून ऐकलं. मिस्त्रीसुद्धा एकदा हसला. मग सगळ्यात खालचा थर निघाला आणि त्याखाली लोखंड चाळणीसारखं दिसलं. पोटाच्या मागच्या वाटीला, तळाशी, तीन बारीक भोकं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पाणी रंगाच्या आत शिरे आणि रंग त्याला बाहेर पडू देत नसे. म्हणजे तेही काही अंशी माझंच काम.

मी विचारलं, जमेल का. तो म्हणाला, वाटी कापून दुसरी जोडावी लागेल, आतले दाते काढून, धुऊन, पुन्हा बसवून. दाते चांगले आहेत. मग म्हणाला, ज्याने ही गाडी आधी सांभाळली त्याला गाडी कळत होती.

ते वाक्य मी अजून कोणाला सांगताना अभिनय करत नाही.

दुसऱ्या माळेला मामा आणि मिस्त्री कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन दुसऱ्या एका संपलेल्या ट्रकचं पोट घेऊन आले. त्याची वाटी कापली आणि आमच्याला जोडली. मिस्त्रीने नवरात्राचा उपास धरला नव्हता, मी धरला होता, तरी दोन दिवस त्याच्या घरून आलेला साबुदाणा मी खाल्ला. त्याच्या बायकोने तो मुद्दाम माझ्यासाठी करून पाठवला होता. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं. मामा दोन्ही दिवस गॅरेजमध्येच बसून होते, दवाखान्यात बाकावर बसतात तसे. नवं सील, नवं तेल, आणि नाकाची टोपी डिझेलमध्ये धुऊन लख्ख. तिसऱ्या माळेला दुपारी ट्रकच्या पाठीवर सेटएवढं वजन लादून मिस्त्री स्वतः मामांशेजारी बसला आणि मुलुंडपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर त्याने खाली एक कोरं वर्तमानपत्र अंथरलं. आम्ही तिघं त्याभोवती उभे राहिलो. चहा आला, संपला. वर्तमानपत्रावर एक थेंब नाही. मामांनी त्यातली एक बातमीही वाचून काढली.

मॅनेजरना मिस्त्रीने फोनवर दोनच शब्द सांगितले, "गाडी पाठवा." मी नंतर त्या दोन शब्दांचं पंधरा मिनिटांचं निवेदन केलं.

दौऱ्यात मी सहसा जात नाही. या वेळी गेले. घाट चढताना मी मागच्या चाकांच्या आवाजाकडे कान लावून बसले होते आणि मामा मला हसत होते. प्रत्येक मुक्कामाला मी वर्तमानपत्र अंथरायची. आमचा नायक, तोच पांढऱ्या बुटांचा, येऊन बघून जायचा आणि वर्तमानपत्राच्या कडेकडेने चालायचा. दसरा सिंधुदुर्गात आला, मामांच्या गावापासून जवळच. एका शाळेच्या मैदानात मांडव होता, मागे ट्रक उभा. मामांचे भाऊ आणि पुतणे प्रयोगाला म्हणून आले ते आधी ट्रकच बघायला आले. मामांनी त्यांना सगळी गाडी दाखवली, चाकं, केबिन, आणि शेवटी वाकून पोट. हे ह्याच्या आधी कुठल्या पाहुण्याला दाखवलं नव्हतं, असं ऐटीत सांगितलं.

यंदाच्या सेटचा रंग लिंबाचा पिवळा. डबा आणला होताच. मी जुना गाऊन घातला आणि ट्रकखाली शिरले, या वेळी एक हात द्यायचा असं ठरवून. मिस्त्रीने रंगाला मनाई केली नव्हती. त्याने एवढंच सांगितलं होतं, रंग द्या, नाक सोडा.

मी हात बाहेर काढून झाकण मागितलं. ते आलं नाही. बघते तर मामा, गुडघे आणि सगळं घेऊन, पलीकडच्या चाकाजवळून पोटावर सरपटत आत येत होते. त्यांना ते स्वतः ठेवायचं होतं. चौदा वर्षांत ते पहिल्यांदा ट्रकखाली आले. हात लांब करून त्यांनी टोपी चाचपली, झाकण बसवलं आणि त्यावर बोट दाबून धरलं. मी रंग दिला. पिवळा झाकणावर ओघळला, त्यांच्या नखावर ओघळला. मग त्यांनी झाकण उचललं आणि त्या मोकळ्या जागेवर आपलं बोट फिरवून खात्री केली.

बाहेर आल्यावर त्यांनी आपट्याचं पान दिलं. बापसाच्या हाताबद्दल या वेळी काही म्हणाले नाहीत. ओलं पिवळं झाकण डबीवर लावलं, डबी खिशात टाकली आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एक पिवळा गोल उमटला. मी म्हटलं, मामा, डाग पडला. ते म्हणाले, पडू दे, आणि प्रयोगाचा पडदा उघडायची वेळ झाली म्हणून सगळ्यांना मांडवाकडे पिटाळायला लागले.